दीड मिनिटाची गोष्ट, बारा वर्षांचा पाठपुरावा

अमेरिकेच्या सिनेटमध्ये पीट डोमेनिसी आणि पॉल वेलस्टोन यांचं राजकारण दोन टोकांचं. डोमेनिसी न्यू मेक्सिकोचे रिपब्लिकन, सरकारी खर्चावर करडी नजर ठेवणारे. वेलस्टोन मिनेसोटाचे डेमोक्रॅट आणि पक्के डावे. पण डोमेनिसींच्या मुलीला स्किझोफ्रेनिया होता, आणि वेलस्टोन यांच्या थोरल्या भावाला ऐन तारुण्यात मानसिक आजारानं गाठलं होतं. त्याच्या रुग्णालयाचं बिल फेडता फेडता आईवडिलांची जवळपास वीस वर्षं गेली. घरातलं हे दुखणं दोघांनी उघडपणे बोलून दाखवलं आणि १९९६ मध्ये मानसिक आरोग्य समानता कायदा मंजूर झाला.

मागणी साधी होती. विमा कंपन्यांनी शरीराचा आजार आणि मनाचा आजार यांत दुजाभाव करू नये.

प्रत्यक्षात पदरात पडलं ते अर्धंच. कायद्यानं फक्त विम्याच्या वार्षिक आणि आजीवन रकमेची मर्यादा सारखी केली. कंपन्यांनी लगेच पळवाट शोधली. मानसिक आजारासाठी रुग्णालयात किती दिवस राहायचं, डॉक्टरांकडे किती वेळा जायचं, यांवर बंधनं आली आणि रुग्णाच्या खिशातून जाणारा वाटा वाढला. ही पळवाट नेमकी कुठे बोचते, हे ती सोसणाऱ्यांनाच सांगता येणार होतं.

मिनेसोटातली एक तरुणी खाण्याच्या विकारानं आजारी होती. रुग्णालयातल्या उपचारांच्या खर्चावरून विमा कंपनीनं हात आखडता घेतला आणि २००० मध्ये ती गेली. तिची आई आपलं दुःख घेऊन लोकप्रतिनिधींकडे जात राहिली. वेलस्टोन यांनी तिला साथ दिली, पण २००२ मध्ये विमान अपघातात त्यांचाच मृत्यू झाला.

पुढची धुरा प्रतिनिधिगृहातल्या दोघांनी उचलली. डेमोक्रॅट पॅट्रिक केनेडी यांची गाडी मे २००६ मध्ये मध्यरात्रीनंतर संसद भवनाजवळच्या कठड्यावर आदळली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पत्रकारांसमोर औषधांच्या व्यसनाची कबुली दिली आणि उपचारांसाठी दाखल होत असल्याचं सांगितलं. बायपोलर विकाराबद्दलही ते मोकळेपणानं बोलत. रिपब्लिकन जिम रॅमस्टॅड यांना १९८१ मध्ये दारूच्या अमलानंतर जाग आली होती ती साउथ डकोटातल्या एका कोठडीत. या दोघांनी २००७ मध्ये देशभर जनसुनावण्या घेतल्या. रुग्ण आणि नातेवाईक साक्ष द्यायला पुढे आले. ३ ऑक्टोबर २००८ रोजी, बँकांना सावरण्यासाठी आणलेल्या ७०० अब्ज डॉलरच्या विधेयकाला जोडून, व्यापक समानता कायदा झाला. त्याला वेलस्टोन आणि डोमेनिसी यांचंच नाव दिलं गेलं. मिनेसोटातल्या त्या मुलीच्या नावानं मांडलेल्या विधेयकातल्या तरतुदी २०१६ मध्ये कायद्यात आल्या.

या साऱ्या प्रवासात एक गोष्ट ठळकपणे दिसते. अनुभव ऐकून लोकप्रतिनिधीचं मन हलतं, पण कायदा हलतो तो त्या अनुभवाला नेमकी मागणी जोडली तर. रुग्णांच्या कुटुंबीयांनी १९७९ मध्ये सुरू केलेली 'नामी' ही अमेरिकी संघटना हेच शिकवते. तिच्या प्रशिक्षणात माणूस आपली गोष्ट सुमारे दीड मिनिटात बसवायला शिकतो. मी कोण, काय घडलं, कशामुळे बरं वाटलं, आज मी कसा आहे, आणि तुमच्याकडून मला काय हवंय. आजारपणाचा सगळा पाढा वाचायचा नाही. उपचारांनी काय साधलं, यावर भर द्यायचा. किती सांगायचं, हे सांगणाऱ्यानंच ठरवायचं. घरच्या माणसाबद्दल बोलायचं असेल, तर आधी त्याची संमती घ्यायला हवी.

आपल्याकडे समानतेचं हे तत्त्व २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात, कलम २१(४) मध्ये आहे. विमा नियामक प्राधिकरणानं २०१८ मध्ये कंपन्यांना त्याचं पालन करायला सांगितलं. तरीही मानसिक आजाराच्या उपचारांचा दावा नाकारला गेल्यानं एका महिलेला दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं. २०२१ मध्ये निकाल तिच्या बाजूनं लागला. कोर्टाची पायरी चढणं प्रत्येकाला जमत नाही. पण रस्ता, पाणी, रेशनकार्डाची तक्रार घेऊन लोक आमदार-खासदारांकडे जातातच. दावा नाकारल्याचं पत्र घेऊन खासदारांना भेटता येतं, जिल्हा रुग्णालयात मनोविकारावरचं औषध मिळालं नाही तर आमदारांना. सोबत एका पानाचा अर्ज असावा आणि त्यात एकच मागणी: या विषयावर येत्या अधिवेशनात तारांकित प्रश्न विचारा, आणि मिळालेलं उत्तर आम्हाला कळवा.