घोड्याचे टॉनिक आणि लसूणघासाची पेंढी

लग्नसराई तोंडावर आली की वरातीची घोडी बाळगणारे आमचे बांधव औषधाच्या दुकानात चौकशी करू लागतात. अंगावर चमक येईल, दम वाढेल असे काही आहे का? दुकानदार बाटली पुढे करतो. हल्ली अशा बाटलीवर ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द ठळक छापलेला दिसतो. हा शब्द म्हणजे काय, आपल्या बीड जिल्ह्यातील घोड्याला त्याची गरज किती, आणि ती बाटलीतून भागवावी की चाऱ्यातून, याचा हिशेब आम्ही येथे मांडत आहोत. हिशेब पैशाचा आहेच, पण जनावराच्या जिवाचाही आहे.

गंज म्हणजे काय हे नालबंदाला समजावून सांगावे लागत नाही. नाल उघड्यावर पडली की हवेतील प्राणवायू आणि ओल मिळून तिला खातात. घोड्याच्या अंगातही असाच एक प्रकार चालतो. टांगा ओढताना किंवा धावताना स्नायू विश्रांतीच्या वेळेपेक्षा कितीतरी पट जास्त प्राणवायू वापरतात, आणि त्या खटाटोपात काही उपद्रवी कण तयार होतात. हे कण पेशींच्या स्निग्ध आवरणाला पोखरतात. त्यांना आवर घालणारे पदार्थ ते अँटिऑक्सिडंट. यातले ई जीवनसत्त्व त्या आवरणातच बसून पहारा करते. सेलेनियम, तांबे, जस्त आणि मँगनीज ही खनिजे अगदी थोडी लागतात, पण त्यांच्यावाचून शरीराला स्वतःची संरक्षक द्रव्ये बनवता येत नाहीत. क जीवनसत्त्व मात्र घोडा आपल्या यकृतात स्वतःच तयार करतो. माणसाला ते जमत नाही. म्हणून निरोगी घोड्यासाठी क जीवनसत्त्वाच्या गोळ्या विकत घेणे म्हणजे विहिरीत घागरीने पाणी ओतणे होय.

ई जीवनसत्त्व घोड्याला बनवता येत नाही. ते खाण्यातूनच यावे लागते, आणि आपल्या जिल्ह्याची अडचण येथेच आहे. हे जीवनसत्त्व हिरव्या पाल्यात भरपूर असते. चारा वाळवताना त्याचा मोठा भाग नाहीसा होतो, आणि गंजीत महिनोन्‌महिने राहिल्यावर उरलेलाही घटत जातो. अ जीवनसत्त्व ज्यापासून बनते त्या बीटा-कॅरोटीनचेही तसेच. आपल्याकडे घोड्याचा खुराक म्हणजे ज्वारीचा कडबा आणि तोबऱ्यात भिजवलेल्या हरभऱ्याची चंदी. पोट भरते, ताकद येते, पण ई जीवनसत्त्वाच्या बाबतीत हा खुराक दुबळा आहे.

आता महिन्यांचा हिशेब पाहा. पावसाळ्यात जनावर हिरवे खाते आणि थोडा साठा चरबीत, यकृतात राहतो. तो साठा काही महिने पुरतो. दिवाळीनंतर गवत वाळते, आणि एप्रिल-मेमध्ये, म्हणजे ऊन सर्वांत कडक आणि वरातीही सर्वांत जास्त असतात तेव्हा, साठा तळाला गेलेला असतो. कमाईचा हंगाम आणि अंगातील तुटवडा एकाच वेळी येतात. २०१२-१३ किंवा २०१५-१६ सारख्या दुष्काळात तर पावसाळ्यातही साठा होत नाही.

तुटवडा लांबला तर काय होते? शहरातील तबेल्यात बांधलेल्या आणि वर्षाहून अधिक काळ हिरवा चारा न मिळालेल्या घोड्यांना नसांचा एक आजार होतो, ज्याची नोंद अमेरिकेतील पशुवैद्यांनी प्रथम १९९० साली केली. घोडा खातो चांगला, पण वाळत जातो. पाय थरथरतात, चारही पाय पोटाखाली जवळ घेऊन उभा राहतो. गाभण घोडीला तुटवडा असला, विशेषतः सेलेनियमही कमी पडले, तर शिंगरू दुबळ्या स्नायूंचे निपजण्याचा धोका असतो.

इलाज स्वस्त आहे. ज्याच्याकडे विहिरीचे थोडे पाणी आहे त्याने ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लसूणघासाचा एखादा वाफा टाकावा. सुमारे दोन महिन्यांत पहिली कापणी मिळते, पुढे महिन्याच्या आत-बाहेर कापण्या चालू राहतात. जमीन नसेल तर बागायती भागातील शेतकऱ्याशी रोजच्या पेंढीचा ठराव करावा. माजलगाव आणि गेवराई भागात कालव्याचे पाणी असल्याने हे अवघड नाही. सुरुवात मूठभर घासाने करून आठ-दहा दिवसांत दोन-तीन किलोपर्यंत जावे. एकदम पेंढी टाकली तर पोटशूळ उठतो. हिवाळ्यात गाजरे स्वस्त असतात. त्यांनी बीटा-कॅरोटीन मिळते, ई जीवनसत्त्व मात्र फारसे मिळत नाही. घास वाळवून ठेवायचाच असेल तर सावलीत वाळवावा. उन्हात पांढरा पडलेला घास केवळ पोटभरू असतो.

हिरवे काहीच मिळत नसेल तेव्हा ई जीवनसत्त्व वरून देण्यात अर्थ आहे. शास्त्रीय मापाप्रमाणे घोड्याच्या वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते २ युनिट लागतात. परदेशी टॉनिकवरील मात्रा बहुधा ५०० किलोच्या घोड्यासाठी लिहिलेली असते. आपले देशी टट्टू पुष्कळदा ३०० किलोच्या आसपासच भरते, म्हणजे त्याला ३०० ते ६०० युनिट पुरेत. हे जीवनसत्त्व तेलात विरघळते, म्हणून चंदीत चमचाभर ताजे गोडे तेल घालून द्यावे. खवट तेल घालू नये, ते असलेले जीवनसत्त्वही खाऊन टाकते. गरजेच्या दहापट दिले म्हणून घोडा दहापट धावत नाही. उलट त्यामुळे बीटा-कॅरोटीन अंगात शोषले जाणे कमी होते असे दिसून आले आहे.

खरे भय सेलेनियमचे आहे. ३०० किलोच्या घोड्याला ते दिवसाला अर्ध्या मिलिग्रॅमहून थोडेसेच अधिक लागते, आणि गरज व विष यांतील अंतर फार नाही. एप्रिल २००९ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडा येथे पोलोच्या एका मोठ्या स्पर्धेपूर्वी एकाच संघाचे २१ घोडे दगावले. त्यांना थकवा घालविण्यासाठी इंजेक्शन दिले होते. ते बनवताना सेलेनियमचे प्रमाण चुकून फार जास्त पडले होते. लाखोंची जनावरे, हाताशी पशुवैद्य, तरीही एक घोडा वाचला नाही. आपल्याकडे ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम एकत्र असलेली इंजेक्शने गाई-म्हशींसाठी सर्रास विकली जातात. ती घोड्याला कोणा ऐऱ्यागैऱ्याकडून टोचून घेऊ नयेत. मात्रा बरोबर असली तरी काही घोड्यांना अशा सुईचे भयंकर वावडे येते आणि जनावर जागीच कोसळते. दोन टॉनिके एकाच वेळी चालू करणे हाही तोच धोका. दोन्हींवर सेलेनियम लिहिलेले असले तर एक बंद करावे.

थोडे थोडे जास्त सेलेनियम पुष्कळ दिवस गेले तर आयाळीचे आणि शेपटीचे केस झडतात, खुरावर आडव्या भेगा पडतात. पंजाबात नवांशहर आणि होशियारपूरकडे जमिनीतच सेलेनियम जास्त असलेले पट्टे आहेत. तेथील चाऱ्याने जनावरांची खुरे अशीच खराब होतात. ही खूण मालकाआधी नालबंदाच्या नजरेस पडते. खूर घासताना आडवी भेग दिसली तर त्याने मालकाला टॉनिकबद्दल जरूर विचारावे. माळेगावच्या जत्रेत घोडा घेणाऱ्यानेही केवळ अंगाची चमक न पाहता आयाळीतून हात फिरवावा आणि चारही खुरे उचलून पाहावीत.

आणखी एक गोष्ट. ताकदीसाठी कोंबड्यांचे खाद्य घोड्याला देण्याची खोड काहींना असते. त्यात पुष्कळदा मोनेन्सिन नावाचे औषध मिसळलेले असते. कोंबडीला ते चालते, घोड्याच्या हृदयाला ते मारक आहे.

आणि चार दिवस बसून असलेल्या घोड्याला पूर्ण चंदी चारून पाचव्या दिवशी एकदम वरातीत नाचवले, तर त्याचे पुठ्ठे आखडतात आणि लघवी काळ्या चहासारखी होते. तेव्हा त्याला चालवू नये, टॉनिकही पाजू नये. पाणी समोर ठेवून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांना बोलवावे. बसून असण्याच्या दिवसांत चंदी निम्म्यावर आणावी. घामाच्या दिवसांत रोज मूठभर मीठ द्यावे. रक्त तपासून जीवनसत्त्वाचा किंवा सेलेनियमचा तुटवडा पाहायचा असेल, तर ते कोठे होईल याची चौकशी परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात करावी. जाताना चालू टॉनिकची रिकामी बाटली, लेबलासह, बरोबर न्यावी.