भग्नावशेषांचे वारस

जुन्या गोव्यातील टेकडीवर सेंट ऑगस्टीनच्या चर्चचा सुमारे ४६ मीटर उंचीचा भग्न मनोरा उभा आहे. १५९७ ते १६०२ या काळात बांधलेल्या या वास्तूचा घात कोणी केला? पोर्तुगीज सत्तेनेच! धर्मसंघ हद्दपार झाले आणि १८३५ साली मठ ओस पडला. १८४२ मध्ये छत कोसळले. १९३१ मध्ये दर्शनी भाग व अर्धा मनोरा ढासळला. ज्या सेंट पॉल कॉलेजात १५५६ साली हिंदुस्थानातील पहिला छापखाना सुरू झाला, त्याची तर केवळ एक कमान उरली आहे.

या अवशेषांविषयी हिंदूंना ममत्व का वाटावे, असा प्रश्न काही वाचक विचारतील. तो अनाठायी नाही. देवळे पाडली गेली, देवांना नदीपार आसरा शोधावा लागला, इन्क्विझिशनचा वरवंटा फिरला. त्या यातनांचे विस्मरण व्हावे असे मुक्तिलढ्याचा वारसा मानणारे आम्ही कदापि म्हणणार नाही. परंतु स्मरणासाठी पुरावा लागतो, आणि पुरावा याच दगडांत आहे. दिवाडी बेटावरील पिएदादच्या दफनभूमीत जावे. तेथील लहानशा कपेलात कदंबकालीन मंदिराचे कोरीव छत आजही पाहावयास मिळते. ती कपेल ढासळली तर आमचेच मंदिर दुसऱ्यांदा पडेल!

या मातीवर दूरदेशींचाही हक्क आहे. १६२४ साली इराणात हुतात्मा झालेली जॉर्जियाची राणी केतेवान हिच्या अस्थी ऑगस्टीनच्या अवशेषांत सापडल्या. हैदराबादच्या सीसीएमबी प्रयोगशाळेतील डीएनए तपासणीने त्या ओळखीला बळ दिले व २०२१ साली भारताने त्यांतील अंश जॉर्जियास सुपूर्द केला. ढिगारा म्हणून तो मठ सपाट केला असता, तर एका राष्ट्राची श्रद्धा कायमची गाडली गेली असती.

१९८६ साली जुन्या गोव्यातील चर्चे व मठ जागतिक वारसा ठरले. परंतु यादीबाहेरच्या भिंतींचे आणि अनाम कबरींचे काय? जांभ्याचा चिरा दर पावसाळ्यात झिजतो. भेगेत रुजलेला पिंपळ भिंत फोडतो. तिसवाडीतील प्रत्येक अवशेषाची गाववार नोंद सरकारने करावी, पुरातत्त्व खाते, चर्च व पंचायत यांनी देखभालीची जबाबदारी वाटून घ्यावी, आणि पाटीवर मंदिर व चर्च या दोहोंचा इतिहास निःसंकोच लिहावा, अशी आमची मागणी आहे. पाडणाऱ्यांचा वारसा आम्हांस नको, राखणाऱ्यांचा हवा.