दोन जिवांची लेक आणि पाणी

खानापूर तालुक्यातील कणकुंबी येथे मलप्रभेचा उगम आहे. उगमापाशी पाणी किती लहान, किती शांत! हीच नदी पुढे कूडलसंगमी कृष्णेस मिळते. पण पावसाळ्यात चोर्ला घाटाच्या या माथ्यावर सरी कोसळू लागल्या, की येथील साधे ओढेही पाहता पाहता रूप पालटतात. पाण्याची ही दोन रूपे ध्यानी घेतली, तर अनेक घरांतील एक वाद सहज मिटेल, असे आम्हांस वाटते.

बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक म्हणते, "आई, थोडी पोहून येऊ का?" आई कानांवर हात ठेवते, "अगं, दोन जिवांची तू!" आमच्या मते खरे दोघींचेही आहे.

प्रथम लेकीची बाजू. पाणी शरीराचा भार उचलून धरते. त्यामुळे कंबर व गुडघे यांस विसावा मिळतो, पायांची सूजही उतरते. पाणी पोटात शिरून बाळास बाधेल, ही भीती निराधार आहे. गर्भाशयाचे मुख व गर्भजलाची पिशवी बाळाचे रक्षण करतात. काही अडचण नसलेल्या गर्भवतीने आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे.

आता आईची बाजू. रक्तस्राव, गर्भजल जाणे, वार खाली असणे, वाढलेला रक्तदाब, तीव्र रक्तक्षय, यांपैकी काही असल्यास पाण्यात उतरू नये. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील निम्म्याहून अधिक गर्भवतींत रक्तक्षय आढळला होता. म्हणून आधी रक्त तपासून घ्यावे आणि डॉक्टरांची अनुमती घ्यावी.

पोहणे ते स्वच्छ, देखरेख असलेल्या तलावातच. बेळगाव असो, बडोदे असो वा इंदूर, अशी सोय आता शहरांतून मिळते. सोबत कुणी असावे. काठावर पाऊल जपून टाकावे, शिडीने उतरावे. सूर मारू नये. बोलता येईल इतकाच वेग ठेवावा, आधी व नंतर पाणी प्यावे. ऊन पाण्याच्या टाकीत बसणे टाळावे, पहिल्या तीन महिन्यांत तर विशेषच. पाचव्या महिन्यानंतर उताणे पोहताना भोवळ आल्यास लगेच कुशीवर वळावे. पोहता न येणारीने आताच शिकण्याची घाई न करता छातीइतक्या पाण्यात सावकाश चालावे. तेही पुरेसे आहे.

नदी, ओढा, धबधबा यांपासून मात्र दूरच राहावे. तेथे ओढ असते, शेवाळलेले खडक असतात. आणि पावसाळ्यातील गढूळ पाण्यातून लेप्टोस्पायरोसिससारखा रोग जडू शकतो.

पोटात कळा, रक्तस्राव, पाणी जाणे, छातीत दुखणे, तीव्र डोकेदुखी, पोटरीस सूज वा बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही जाणवल्यास पाण्याबाहेर येऊन तडक दवाखाना गाठावा.

तेव्हा आईने नुसते "नको" म्हणू नये; "कोठे, कोणासोबत, डॉक्टर काय म्हणाले?" एवढे विचारावे. आणि उत्तरे समाधानाची मिळाली, तर लेकीसोबत आपणही काठावर जाऊन बसावे.