पाचवी सिंफनी : एक संहिता, अनेक ध्वनिमुद्रणे

शाळेच्या स्मृतिव्याख्यानमालेत पाश्चात्त्य संगीतावर लेख यावा, हे काहींना विसंगत वाटेल. इंदूरच्या श्रोत्यांना सांगायचेच तर उस्ताद अमीर खाँसाहेबांविषयी सांगावे, बीथोव्हेनविषयी कशाला, असा प्रश्न कोणी केला तर तो गैर म्हणता येणार नाही. परंतु ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचे आयुष्य संहिता वाचण्यात आणि ती वाचावयास शिकविण्यात गेले. लिहिलेले कसे वाचावे, हाच माझ्याही विषयाचा गाभा आहे. आणि एकाच सिंफनीची निरनिराळी ध्वनिमुद्रणे शेजारी ठेवून ऐकली असता या प्रश्नाची जी उकल होते, ती मला अन्यत्र क्वचितच आढळली.

सिंफनी म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठी रचलेली, बहुधा चार खंडांची कृती. लुडविग व्हान बीथोव्हेन (१७७०–१८२७) याने अशा नऊ सिंफनी रचल्या. पहिली १८०० साली व्हिएन्नात वाजली, नववी १८२४ साली तेथेच. ज्या पाचवीविषयी मी मुख्यतः लिहीत आहे, ती २२ डिसेंबर १८०८ रोजी प्रथम सादर झाली. या संगीतात प्रत्येक वाद्याने कोणता स्वर, किती काळ आणि किती जोराने वाजवावा, हे सारे रचनाकार कागदावर लिहून ठेवतो. आपल्याकडे पंडित भातखंडे यांनी क्रमिक पुस्तकमालिकेत शेकडो बंदिशी स्वरलिपीबद्ध केल्या. पण ती स्वरलिपी म्हणजे बंदिशीचा सांगाडा, विस्तार गायकाचा, हे आपण गृहीतच धरतो. गवयाने पुस्तकाबरहुकूम गायिले नाही म्हणून त्याला कोणी दोष देत नाही. सिंफनीत मात्र एकही स्वर पदरचा घालण्याची मुभा नाही. मग सर्वांनी वाजविलेली पाचवी एकसारखीच असावयास हवी. ती तशी नसते, येथूनच तुलनेचा आरंभ होतो.

सर्वांत ठळक फरक लयीचा. बीथोव्हेनच्या उमेदीच्या काळात लय सांगण्यासाठी 'जलद', 'संथ', 'आवेशाने' अशा अर्थाचे इटालियन शब्दच काय ते उपलब्ध होते. १८१५ मध्ये मेल्झेल याने मेट्रोनोम या लयमापक यंत्राचे पेटंट घेतले. बीथोव्हेनने त्याचे उत्साहाने स्वागत केले आणि १८१७ मध्ये आपल्या तोवरच्या आठही सिंफनींच्या लयी आकड्यांत प्रसिद्ध केल्या. पाचवीच्या पहिल्या खंडासाठी त्याने दिलेला आकडा १०८ आहे, म्हणजे मिनिटाला १०८ आवर्तने. या खंडात ५०२ आवर्तने असून आरंभीची १२४ पुन्हा वाजवावीत अशी खूण आहे. एकूण ६२६. थांबण्याच्या जागा वगळून हिशेब केला तर हा खंड पाच मिनिटे अठ्ठेचाळीस सेकंदांत संपावयास हवा. विसाव्या शतकातील बहुतेक नामवंत ध्वनिमुद्रणांत त्याला सात मिनिटांहून अधिक वेळ लागतो. ऑटो क्लेंपरर यांच्या १९५० च्या दशकाअखेरच्या ध्वनिमुद्रणात तर साडेआठ मिनिटांहूनही अधिक. स्वर तेच आणि खुणाही त्याच. काळाचा हिशेब मात्र दीडपट झाला.

हे कसे घडले, ते समजून घेण्यास ध्वनिमुद्रणांचा इतिहास उपयोगी पडतो. या सिंफनीच्या अगदी आरंभीच्या संपूर्ण ध्वनिमुद्रणांपैकी एक आर्थर निकिश यांनी बर्लिन फिलहार्मोनिकसह १९१३ मध्ये केले. तेव्हा विजेवर चालणारा ध्वनिग्राहक नव्हता. वादक एका कर्ण्यापुढे दाटीने बसत, आणि खर्जातील वाद्ये त्या कर्ण्यात नीट उतरत नसत. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम चार मिनिटे मावत, म्हणून एकच खंड दोन-तीन बाजूंवर विभागावा लागे. अशी जुनी मुद्रणे ऐकताना लयीचे कोणते वळण संचालकाच्या मनातले आणि कोणते तबकडीच्या सोयीचे, याचा विवेक श्रोत्याने ठेवला पाहिजे. तरीही निकिश यांची लय प्रसंगानुसार ताणली व आवळली जाते, एवढे त्या खरखरीतूनही स्पष्ट कळते. एकोणिसाव्या शतकाची वाचनपद्धती त्यांच्यामार्फत आपल्या कानी येते.

यानंतर दोन प्रवाह ठळकपणे दिसतात. आर्तुरो तोस्कानिनी (१८६७–१९५७) यांनी न्यूयॉर्कमध्ये एनबीसी वाद्यवृंदासह १९३९ मध्ये केलेली पाचवी घ्या. लय जलद आणि सरळ, रेषा रेखीव. त्यात स्टुडिओचा ध्वनी कोरडा, त्यामुळे प्रत्येक आघात टोचणारा. याउलट विल्हेल्म फुर्टव्हेंग्लर (१८८६–१९५४) सुरुवातीचे ते प्रसिद्ध चार स्वर पुढील लयीपेक्षा संथ घेतात, पुढे वेग वाढवितात, गंभीर जागी पुन्हा रेंगाळतात. त्यांच्या मते लय आतून उमलावयाची असते. त्यांची १९४३ ची आणि १९४७ ची, दोन्ही बर्लिनमधील ध्वनिमुद्रणे लागोपाठ ऐकावीत. पहिले ऐन महायुद्धातले. दुसरे, नाझी राजवटीत जर्मनीतच राहिल्याबद्दल झालेल्या चौकशीतून मोकळे होऊन मे १९४७ मध्ये ते त्याच वाद्यवृंदापुढे पुन्हा उभे राहिले, त्या वेळचे. माणूस तोच, वाद्यवृंद तोच, पण दोन्हींतील ताण निराळा आहे. संहितेबाहेरचे आयुष्य वाचनात किती शिरते, याचे हे बोलके उदाहरण होय.

१९४८ मध्ये दीर्घवादन तबकडी आली, तिने बाजू बदलण्याची अडचण बरीच दूर केली. हर्बर्ट फॉन कारायान यांनी १९६१–६२ मध्ये बर्लिन फिलहार्मोनिकसह नऊही सिंफनींचा संच ध्वनिमुद्रित केला आणि तो जगभर पोहोचला. मी स्वतः प्रथम ऐकलेली पाचवी याच संचातली. तिच्यातील तंतुवाद्यांचा एकसंध, झळाळता नाद माझ्या कानात असा बसला, की पुढे ऐकलेल्या प्रत्येक पाचवीला मी नकळत त्याच मापाने मोजीत असे. नंतर कार्लोस क्लायबर यांचे व्हिएन्ना फिलहार्मोनिकसह १९७४ मध्ये केलेले ध्वनिमुद्रण हाती आले. त्यात सव्वासात मिनिटांच्या आसपास चालणारा पहिला खंड घड्याळाच्या हिशेबाने फार वेगवान नाही. पण आघातांमागच्या नेमक्या मोकळ्या जागांमुळे तो वेगवान भासतो. सेकंद मोजणे आणि गती अनुभवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे मला या ध्वनिमुद्रणाने समजाविले.

मोठा धक्का १९८० च्या दशकात बसला. रॉजर नॉरिंग्टन यांचा 'लंडन क्लासिकल प्लेयर्स' आणि त्यानंतर जॉन एलियट गार्डिनर यांचा वाद्यवृंद यांनी बीथोव्हेनच्या काळातील घडणीची वाद्ये वापरली, पट्टी किंचित उतरवली, वादकांची संख्या आवरली आणि १८१७ चे आकडे प्रमाण मानले. परिणाम विलक्षण झाला. पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांत तंतुवाद्यांच्या लाटेखाली दबलेली सुषिर वाद्ये आणि नगारे समोर आले. भव्यता काहीशी ओसरली, पण निकड वाढली. काही श्रोत्यांना हे पुनरुज्जीवन वाटले, काहींना पावित्र्यभंग.

वाद केवळ लयीपुरता नव्हता. पाचवीच्या पहिल्या खंडात दुसऱ्या विषयाची ललकारी हॉर्न या पितळी वाद्याला दिलेली आहे. तीच ललकारी पुढे निराळ्या स्वरावर येते तेव्हा बीथोव्हेनने ती बसून या लाकडी वाद्याला दिली, कारण त्या काळच्या बिनकळांच्या हॉर्नवर तेथे लागणारे स्वर नीट निघत नसत. पुढे कळा असलेले हॉर्न आले आणि अनेक संचालकांनी ते स्वर हॉर्नला देऊन टाकले. 'बीथोव्हेनजवळ असे हॉर्न असते तर त्याने हेच केले असते', हा त्यांचा युक्तिवाद. तिसऱ्या सिंफनीच्या पहिल्या खंडाअखेर ट्रंपेट मुख्य विषय उचलतो आणि मध्येच सोडतो; तेथेही तो पुरा करण्याची चाल दीर्घकाळ रूढ होती. हेतू निर्मळ होता, यात शंका नाही. पण रचनाकाराने काय केले असते, हे सांगणारा शेवटी आपल्याच आवडीविषयी बोलत असतो, हे ध्यानात ठेवावे. बसूनवरची ती ललकारी थोडी ओबडधोबड, थोडी घुसमटलेली वाटते. तो अवघडलेपणाही आता त्या कृतीचाच भाग आहे.

मग प्रश्न येतो आकड्यांच्या विश्वासार्हतेचा. बीथोव्हेनचा मेट्रोनोम बिघडलेला असावा, बहिरेपणामुळे लय त्याच्या मनातच अवास्तव वाढली असावी, असे तर्क अनेकांनी केले. २०२० मध्ये स्पेनमधील दोन संशोधकांनी छत्तीस संचालकांच्या सिंफनी-संचांतील लयी संगणकाने मोजल्या. वादक सरासरीने त्या आकड्यांहून बरेच संथ चालतात, आणि हा फरक यंत्राच्या लंबकावरील सरकत्या वजनाच्या उंचीशी जुळतो, असे त्यांना आढळले. वजनाच्या वरच्या कडेऐवजी खालच्या कडेशी असलेला आकडा बीथोव्हेनने वाचला असावा, असे त्यांचे अनुमान आहे. अनुमान चतुर आहे आणि विचारार्ह आहे. परंतु त्यात एक अडचण मला दिसते. ज्या वादनांच्या आधारे मूळ आकडा चुकीचा ठरवायचा, ती वादने स्वतःच एका दीर्घ परंपरेची अपत्ये आहेत. परंपरेलाच साक्षीला बोलावून परंपरेच्या बाजूने निकाल द्यावा, असे काहीसे ते होते. त्यातून जुन्या घडणीच्या वाद्यांवर हे आकडे गाठता येतात, हे ध्वनिमुद्रणांनीच दाखवून दिले आहे. डेव्हिड झिनमन यांनी १९९० च्या दशकाअखेर झुरिकच्या टोनहाले वाद्यवृंदाकडून, जोनाथन डेल मार यांनी संशोधिलेल्या नव्या आवृत्तीच्या आधारे, आधुनिक वाद्यांवरही जवळपास तसा वेग साधला.

आपल्यालाही हा अनुभव नवा नाही. आरतीतला एखादा शब्द आपण लहानपणापासून एका विशिष्ट प्रकारे म्हणत आलेलो असतो. पुढे छापील पुस्तकात तो निराळा दिसला, की पहिला संशय पुस्तकावरच येतो. महाराष्ट्रापासून दूर, माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या समाजाने तर जे जपले ते बरेचसे कानांनीच जपले. त्यामुळे 'आमच्याकडे असेच म्हणतात' या वाक्याला आपल्या घराघरांत मान आहे. तो असावाही. मात्र सवयीचे ते मूळचे, असा निष्कर्ष त्यावरून निघत नाही. पहिल्यांदा ऐकलेल्याचा अंमल ओळखावयाचा, तर दुसरे आणि तिसरे वाचन समोर ठेवण्यावाचून उपाय नाही.

म्हणून विद्यार्थ्यांना माझे सांगणे असे. आज ही सारी ध्वनिमुद्रणे भ्रमणध्वनीवर सहज मिळतात. फुर्टव्हेंग्लर, क्लायबर आणि गार्डिनर या तिघांचा पहिला खंड एका बैठकीत ऐका. आरंभीच्या चार स्वरांनंतरचा ठहराव आणि लगेच येणाऱ्या दुसऱ्या चार स्वरांनंतरचा ठहराव यांकडे लक्ष द्या; संहितेत दुसरा एका आवर्तनाने अधिक लांब आहे. तो कोण पाळतो, ते पाहा. ललकारी दुसऱ्यांदा कोणत्या वाद्यावर येते, ते ओळखा. श्रेष्ठ कोण, याचा निवाडा घाईने करू नका. मला विचाराल तर मी आज गार्डिनर यांच्याकडे अधिक वेळा वळतो, कारण तेथे लिहिलेले बहुतेक सारे ऐकू येते. आणि १९४७ चे फुर्टव्हेंग्लर हाताशी ठेवतो, कारण कागदावर न मावणारे काहीतरी त्यात आहे. आकडा पाळणे हेही एक वाचन आणि आकडा मोडणे हेही वाचनच. फरक एवढाच की मोडणाऱ्याने तो आधी वाचलेला असला पाहिजे. आमच्या गुरुवर्यांनी धड्यावरची टीका वाचण्याआधी मूळ धडा दोनदा वाचण्याचा जो दंडक घातला होता, तो मला या श्रवणात पदोपदी उपयोगी पडला.