काचेतला मासा आणि फ्लॅशची जागा

लग्नसराईत फुलसावंगीच्या मांडवांतून फ्लॅश सारखे लखलखत असतात. यवतमाळ जिल्ह्यात महागाव तालुक्यातल्या या मोठ्या गावात काय किंवा आसपासच्या खेड्यांत काय, लग्नाची कामं घेणाऱ्या फोटोग्राफरकडे सुटी फ्लॅशगन असतेच. तीच घेऊन कुणी घरच्या फिशटँकसमोर उभं राहिलं, की फोटोत मासा कमी आणि काचेवरचा पांढरा भडका जास्त येतो. मग दोन समजुती पक्क्या होतात. काचेमागच्या माशाला फ्लॅश चालत नाही ही एक, आणि फ्लॅशने मासे आंधळे होतात, मरतात ही दुसरी. दोन्ही चुकीच्या आहेत.

भडका पडतो तो फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावर असल्यामुळे. उजेड काचेवर ज्या कोनात पडतो त्याच कोनात परततो. समोरून सरळ गेलेला झोत सरळ लेन्समध्येच परत येणार. यावर बरेच जण कॅमेरा तिरका धरतात. त्याने भडका जातो, पण जाड काच आणि पाणी यांतून तिरकं पाहिलं की प्रकाश वाकतो, खवल्यांच्या कडा पुसट होतात आणि त्यांना रंगीत झालर येते. कॅमेरा काचेशी काटकोनातच हवा. जागा बदलायची ती फ्लॅशची. टँकच्या वर, तोंड खाली करून तो ठेवायचा आणि रेडिओ ट्रिगरने चालवायचा. आता उजेड पाण्याच्या पृष्ठभागातून आत जातो, समोरच्या काचेशी त्याचा संबंध येत नाही. लेन्सला रबरी हूड लावून तो काचेला टेकवला आणि खोलीतले दिवे मालवले, तर आपल्याच शर्टाचं प्रतिबिंबही फोटोत येत नाही.

वरून उजेड दिला की मासा जास्त खरा दिसतो, हा मला या सगळ्यातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. नदीत, तळ्यात सूर्य वरूनच येतो. म्हणून बहुतेक माशांची पाठ गडद आणि पोट फिकट असतं. वरच्या उजेडात या दोन्हींचा तोल साधतो आणि मासा पाण्यात मिसळून जातो. समोरून फ्लॅश मारला की तेच पोट चुन्यासारखं पांढरंफटक होतं. माशाची चांदी म्हणजे रंगद्रव्य नव्हे. त्वचेतल्या ग्वानीनच्या पातळ स्फटिकांवरून परतणारा तो उजेड असतो. निऑन टेट्राची निळी पट्टीही अशीच स्फटिकांमुळे दिसते. त्यामुळे या माशांचा रंग फोटोत कसा उतरेल, हे उजेडाच्या कोनावर फार अवलंबून असतं.

मासा चपळ आहे म्हणून शटर खूप वेगवान हवं, असंही सांगितलं जातं. फ्लॅशच्या फोटोत हालचाल थांबवतो तो फ्लॅशच. खोली अंधारी असेल तर सेन्सरवर काय उमटायचं ते त्या एका लखलखाटातच उमटतं, आणि कमी ताकदीवर तो लखलखाट १/१०,००० सेकंदाच्या आसपास संपतो. शटर १/२०० वर ठेवलं तरी पुरतं. उलट हाय-स्पीड सिंक वापरलं तर फ्लॅश एकदाच न पेटता भराभर लुकलुकतो आणि हा फायदा हातचा जातो. म्हणून पूर्ण ताकदीचा हट्टही नको. मांडवात लांबवर उजेड फेकावा लागतो, इथे अंतर हातभराचं. पाण्यात कचरा तरंगत असेल तर जास्त ताकदीने त्याचेच ठिपके उजळतात. पाणी नुकतंच बदललं असेल तर काचेवर आणि पानांवर बारीक बुडबुडे धरतात. एक दिवस थांबलेलं बरं.

आता माशांच्या डोळ्यांविषयी. बहुतेक माशांना पापण्या नसतात आणि त्यांची बाहुली आपल्यासारखी चटकन आकसत नाही, हे खरं. फ्लॅशची भीती त्यातूनच आली असावी. ऑस्ट्रेलियातल्या कर्टिन विद्यापीठाच्या मार्टेन डी ब्राउअर आणि सहकाऱ्यांनी हा प्रश्न थेट तपासला. २०१९ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात वारंवार फ्लॅश मारलेल्या समुद्रघोड्यांच्या डोळ्यांत इजा आढळली नाही. सर्वांत जास्त त्रास झाला तो फोटोसाठी माशांना हात लावून हलवल्याने. माझ्या दृष्टीने यातली मोलाची गोष्ट हीच आहे. काचेवर टकटक करणं, जाळी घालून मासा पुढे ढकलणं, हे फ्लॅशपेक्षा वाईट.

तरीही एक काळजी घ्यावीच लागते. माशाच्या डोळ्यातला पडदा अंधाराकडून उजेडाकडे जुळवून घ्यायला मिनिटांमागून मिनिटं घेतो. मिट्ट काळोखात अचानक फ्लॅश पडला तर मासा दचकून काचेवर आदळू शकतो. म्हणून खोली अंधारी असली तरी टँकचा दिवा चालू ठेवावा. आणि सार्वजनिक मत्स्यालयात फ्लॅशला मनाई असेल तर ती पाळावी. तिथे दिवसभरात शेकडो लोक येतात, घरच्या चार फोटोंशी त्याची तुलना होत नाही.

खरा धोका आहे तो फोटो काढणाऱ्याला. फ्लॅशगनच्या आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास वीज साठलेली असते. म्हणून फ्लॅशगन उघड्या पाण्यावर लटकवू नये. मध्ये काचेचं झाकण हवंच, आणि तेही पुसून स्वच्छ. स्टुडिओतल्या जुन्या फ्लॅशगनबाबत आणखी एक जपायचं. त्यांतल्या काहींचा ट्रिगर व्होल्टेज आजच्या डिजिटल कॅमेऱ्याचं सर्किट जाळण्याइतका असतो, तेव्हा त्या थेट कॅमेऱ्यावर चढवू नयेत.

एवढी खटपट फक्त शोभेच्या माशांसाठीच करायची असं नाही. मासा फॉर्मॅलिनमध्ये किंवा अल्कोहोलमध्ये ठेवला की त्याचे रंग उडतात, म्हणून अभ्यासक जिवंत माशाचा फोटो महत्त्वाचा मानतात. २०२० मध्ये आंबोलीच्या हिरण्यकेशी नदीतून ‘शिस्तुरा हिरण्यकेशी’ ही माशाची नवी जात नोंदली गेली आणि पुढच्या वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. आपल्याकडेही नदी आहेच, यवतमाळच्या दक्षिण सीमेवरून पैनगंगा वाहते. तिच्यातली मरळ, वाम आपल्या ओळखीची. पण शेपटीजवळ काळा ठिपका असलेले बोटभर मासे ‘बारीक मासळी’ म्हणून एकाच टोपलीत जातात. भोई बांधवांच्या जाळ्यात आलेला असा एखादा जिवंत मासा नदीच्याच पाण्याने भरलेल्या अरुंद काचपेटीत ठेवावा, मागे काळा कागद आणि वर झाकणावर फ्लॅश. तारीख, गाव आणि माशाची लांबी लिहून ठेवावी आणि मासा काही मिनिटांत होता तिथेच सोडावा. पैनगंगा अभयारण्याच्या हद्दीत मात्र हे करायचं नाही, तिथे मासे धरायला बंदी आहे.