टोपली, आमसूल आणि 11.4 टक्के

मे महिन्यात कर्नाटकातल्या जोयडा तालुक्याच्या रानात रातांबे पिकतात. इकडे त्यांना भिरंडं म्हणतात. एखादी कुणबी बाई सकाळी ती वेचून आणते, फोडून बिया काढते, साली उन्हात घालते, त्यांना रसाची पुटं देते आणि पुन्हा सुकवते. काही दिवसांत काळीभोर आमसुलं तयार होतात.

आता सांख्यिकीच्या नजरेने तिच्याकडे पाहा. फळ वेचण्याचं काम शेती आणि वनक्षेत्रात मोडतं. ते सुकवून आमसूल केलं आणि रामनगरच्या बाजारात विकलं, तर ती वस्तुनिर्माण क्षेत्रातली कामगार ठरते. मोटारीचे सुटे भाग बनवणारा माणूस ज्या विभागात, त्याच विभागात तीही. आणि तेच आमसूल घरच्या कढीत पडलं तर? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या व्याख्येनुसार मग तिने आर्थिक काम केलेलंच नसतं. घरच्यासाठी भात पिकवणं हे काम आहे, घरच्यासाठी तो कांडणं हे काम नाही. हात तेच, घाम तोच, फक्त वस्तू कुठे गेली यावरून नोंद बदलते.

याच व्याख्या वापरणारं नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षण सांगतं, की 2023-24 मध्ये देशातल्या दर शंभर कामकऱ्यांपैकी 11.4 जण वस्तुनिर्माणात होते. वर्तमानपत्रात हा आकडा एका ओळीत येतो आणि वाचून होतो. तो ज्या प्रश्नांतून तयार होतो ते प्रश्न जोयड्यासारख्या तालुक्यात नेऊन विचारले, की त्याच्या आत केवढं जग आहे ते कळतं.

जोयडा, म्हणजे जुना सुपा तालुका. काळी नदीच्या खोऱ्यातला, जवळजवळ सगळा जंगलाखालचा, कोंकणी, मराठी आणि कन्नड एकाच बाजारात ऐकू येणारा. इथे काळीवर 101 मीटर उंचीचं सुपा धरण उभं आहे. त्याच्या पाण्यात जुनं सुपा गाव गेलं आणि तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं. या पाण्यावर वीज तयार होते, पण वीज हा वर्गवारीत वेगळा विभाग आहे, वस्तुनिर्माण नव्हे. इथे मँगनीजच्या खाणी होत्या, त्या खाणकामात. गणेशगुडीच्या नदीकाठी पर्यटकांची राहण्याची सोय करणारे सेवा क्षेत्रात. मोटारसायकल दुरुस्त करणारा व्यापाराच्या विभागात, पण गिरणीचं यंत्र दुरुस्त करणारा मात्र वस्तुनिर्माणात! राष्ट्रीय औद्योगिक वर्गवारी 2008 मध्ये या क्षेत्राला 10 ते 33 असे क्रमांक दिले आहेत. गावातला शिंपी, कुंभार, लोहार, भाताची गिरणी चालवणारा आणि बुरूड हे सगळे या क्रमांकांत बसतात. चिमणी आणि भोंगा नसलेल्या तालुक्यातही वस्तुनिर्माण असतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

खरी गंमत पुढे आहे. ‘तुम्ही काय काम करता?’ या प्रश्नाला जोयड्यात एका शब्दात उत्तर देता येत नाही. पावसाळ्यात भातलावणी, मग कापणी, मग कणगी-मुडलीसारखे कंद काढायचे, उन्हाळ्यात भिरंडं, मधल्या दिवसांत टोपल्या विणायच्या. 1970 साली प्रा. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ समितीने हेच बजावलं होतं: आपल्यासारख्या देशातलं काम एका पट्टीने मोजता येणार नाही. म्हणून 1972-73 पासून नमुना पाहणीत वेगवेगळ्या पट्ट्या आल्या. एक पट्टी गेल्या सात दिवसांची. त्यात कुठल्याही दिवशी तासभर काम केलं तरी पुरे. दुसरी वर्षभराची, आणि 11.4 हा आकडा हिचा.

वर्षभराच्या पट्टीचा नियम असा: आधी माणसाचा बहुतांश वेळ कशात गेला ते बघायचं, ती त्याची मुख्य स्थिती. त्याखेरीज किमान तीस दिवस दुसरं काही काम केलं असेल तर ती दुय्यम स्थिती. आता एका घरातले नवरा-बायको घ्या. नवरा वर्षाचा मोठा भाग शेतात असतो आणि दोन महिने टोपल्या विणून विकतो. त्याची नोंद मुख्य कामावरून होते, म्हणून देशाच्या टक्केवारीत तो फक्त शेतकरी. त्याच्या टोपल्या त्या टक्क्यात कुठेच दिसत नाहीत. बायकोचा बहुतांश वेळ घरकामात, सरपण, पाला आणि कंद गोळा करण्यात गेला. तिला मुख्य स्थितीत 93 हा संकेतांक मिळतो, आणि तो श्रमशक्तीच्या बाहेरचा आहे. पण तिने महिनाभर टोपल्या विणून विकल्या आणि शेतावरचे तिचे दिवस त्याहून कमी भरले, तर दुय्यम स्थितीमुळे ती वस्तुनिर्माणातली एक अख्खी कामगार म्हणून मोजली जाते. नवऱ्याचे साठ दिवस म्हणजे शून्य, बायकोचे तीस दिवस म्हणजे एक! नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. माणसं मोजायची म्हटलं की प्रत्येकाला एकदाच, एकाच रकान्यात बसवावं लागतं. पण 11.4 हा माणसांचा वाटा आहे, तासांचा नव्हे, एवढं तरी वाचताना ध्यानात ठेवावं.

टक्केवारीला दोन मजले असतात, वर अंश आणि खाली छेद. 2017-18 मध्ये वस्तुनिर्माणाचा वाटा 12.1 टक्के होता, तो 11.4 वर आला. कारखाने माणसं कमी करत होते म्हणूनच हे झालं, असं समजायचं कारण नाही. याच काळात पंधरा वर्षांवरच्या स्त्रियांचा श्रमशक्तीतला सहभाग 23.3 टक्क्यांवरून 41.7 टक्क्यांवर गेला, आणि त्या वाढीचा मोठा भाग ग्रामीण स्त्रियांच्या शेतीकामाचा आहे. छेद फुगला, की वरची संख्या वाढूनही वाटा घटू शकतो. म्हणजे जोयड्यातल्या एखाद्या बाईचं शेतीकाम नोंदलं गेलं, की पुण्या-चाकणच्या कामगारांचा टक्का कणभर खाली सरकतो. मला हे विलक्षण वाटतं.

पट्टी बदलली की चित्र किती बदलतं पाहा. उद्योगांची वार्षिक पाहणी मुख्यतः नोंदणीकृत कारखान्यांपुरती: जुन्या कारखाना कायद्याप्रमाणे वीज वापरणारे असतील तर दहा, नसतील तर वीस कामगार लागत. बुरूड आणि आमसूलवाली तिथे नाहीत. जनगणना घराघरात जाते, पण 2011 च्या तालुकावार तक्त्यांत कामकऱ्यांचे चारच रकाने आहेत: शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग आणि इतर. देशभरात घरगुती उद्योगात 3.8 टक्के निघाले आणि ‘इतर’मध्ये तब्बल 41.6. कारखान्यातला कामगार त्या ‘इतर’मध्ये मास्तर, ड्रायव्हर आणि दुकानदारांबरोबर मिसळलेला असतो. चीनबाबतही असंच झालं. अमेरिकी संशोधक ज्युडिथ बॅनिस्टर यांनी 2002 सालचे चिनी आकडे उकलले तेव्हा कारखानी कामगार सुमारे 10.9 कोटी निघाले. सरकारी बेरजेत ते 8.3 कोटी होते. गावाकडचे उद्योग नीट धरले गेले नव्हते.

हे मोजणं एवढं का महत्त्वाचं? ब्रिटनमध्ये पहिल्या महायुद्धाआधी वस्तुनिर्माणाचा रोजगारातला वाटा 45 टक्क्यांच्या आसपास पोचला होता. भारतात तो तेरा टक्क्यांच्या आगेमागेच थबकला. पुरेसं औद्योगिकीकरण होण्याआधीच उतरण लागते, असा सिद्धांत अर्थतज्ज्ञ दानी रॉड्रिक यांनी मांडला, आणि कोट्यवधी तरुणांना काम कुठून मिळणार हा प्रश्न त्याच्या पोटात आहे. जोयड्यातली तरुण मुलं गोव्यातल्या कारखान्यांत जातात. तिथे खोली करून राहिली की गोव्याच्या आकड्यात मोजली जातात. त्यांतला एखादा कारखान्याच्या फाटकावर एजन्सीचा पहारेकरी असेल, तर तो सेवा क्षेत्रात.

या मातीत या विषयाची एक कथा घडलेली आहे आणि ती दोन गाडगीळांना जोडते. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी 1924 साली भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवर ग्रंथ लिहिला. कारागिरांचं काय झालं हा त्यातला मोठा भाग. 1949 च्या राष्ट्रीय उत्पन्न समितीत ते संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस आणि अर्थतज्ज्ञ व्ही. के. आर. व्ही. राव यांच्याबरोबर होते. आकड्यांची उणीव त्या कामात उघडी पडली आणि 1950 मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. त्यांचे चिरंजीव परिसरतज्ज्ञ माधव गाडगीळ. कागद गिरण्यांमुळे आपल्याला बांबू मिळेनासा झाला, अशी कर्नाटकातल्या बुरुडांची तक्रार होती, आणि 1975 च्या सुमारास माधवराव बांबूच्या अभ्यासाला लागले. जोयड्याला लागून असलेल्या दांडेलीला, काळीच्याच काठी, वेस्ट कोस्ट पेपर मिल्स 1955 मध्ये स्थापन झालेली. गिरणीला सरकार बांबू देत होतं टनाला दीड रुपयाने. बुरुडाला तोच बांबू बाजारात शेकडो पट भावाने घ्यावा लागे. गावकरी आणि गुरं बांबू संपवतात, असं सांगितलं जाई. माधवरावांनी बेटं तपासली तेव्हा दिसलं, की बेटाच्या बुडाशी असलेलं काटेरी आवरण ‘साफसफाई’ म्हणून काढलं जात होतं, आणि त्यामुळेच कोवळे कोंब जनावरांच्या तोंडी उघडे पडत होते.

वर्गवारीत बांबूची टोपली 16 व्या क्रमांकात येते आणि कागद 17 व्या. दोन्ही वस्तुनिर्माणच. गिरणीत एक माणूस लागला आणि रानाकडेचा एक बुरूड मजुरीला गेला, तर टक्केवारी जागची हलत नाही. ही अदलाबदल पाहायची तर 16 आणि 17 हे क्रमांक सुटे सुटे, तालुक्यागणिक छापलेले लागतात. 2027 च्या जनगणनेच्या तक्त्यांत मी सगळ्यात आधी तेच शोधणार आहे.