तलावाकाठी तंबू ठोकण्यापूर्वी

दिवाळीची सुट्टी संपली की शाळेत सहलीचे वारे वाहू लागतात. यंदा आठवी-नववीच्या मुलांनी एकमुखाने मुक्कामी शिबिराची मागणी केली आहे. डोंगर हवा, दाट झाडी हवी, समोर तलाव हवा आणि काठावर तंबू हवेत. एका विद्यार्थ्याने मोबाइलवर फोटोही आणून दाखवला. तंबूतून पाय बाहेर काढला की तो थेट पाण्यातच पडावा, इतका तंबू काठाला लागून होता. शिक्षकांच्या खोलीत सर्वांना तो फोटो फार आवडला. मला मात्र तो पाहून एकच प्रश्न पडला, की या तलावाचे पाणी भरले म्हणजे कुठवर येत असेल?

आपण गौलीगुड्याची माणसे. हा प्रश्न आपल्याला तरी नवा वाटू नये. आपल्या शेजारून वाहणारी मुसी विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या डोंगरात उगम पावते. 28 सप्टेंबर 1908 रोजी तिला जो महापूर आला, त्यात वरच्या भागातले तलाव एकामागून एक फुटत गेले आणि अफझलगंजपासून खालच्या वस्त्या वाहून गेल्या. दवाखान्याच्या आवारातल्या एका चिंचेवर चढून दीडशेच्या आसपास लोक वाचले, असे जुने लोक सांगत. ते झाड आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले आहे. पुढे विश्वेश्वरय्यांच्या योजनेनुसार उस्मानसागर (1920) आणि हिमायतसागर (1927) बांधले गेले. तरीही 2025 च्या सप्टेंबरअखेरीस या दोन्ही तलावांचे दरवाजे उघडल्यावर इमलीबनच्या बसस्थानकात पाणी शिरले आणि रात्री अडकलेल्या प्रवाशांना बाहेर काढावे लागले. पाणी येते ते आपल्या डोक्यावरच्या ढगातूनच येते असे नाही. ते वरच्या डोंगरातून येते, आणि पुष्कळदा कोणीतरी सोडले म्हणून येते.

या शहराने याहून मोठा घावही सोसला आहे. 8 जून 2014 रोजी हिमाचल प्रदेशात मंडी जिल्ह्यातल्या थलौटजवळ आपल्या शहरातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाची मुले बियास नदीच्या पात्रातल्या खडकांवर उतरून फोटो काढत होती. वर लारजीचे धरण आहे. त्याचे दरवाजे उघडले आणि काही मिनिटांत पाणी चढले. 24 विद्यार्थी आणि त्यांच्याबरोबरचा सहल-सोबती असे 25 जण गेले. त्या वेळी तेथे पाऊस पडत नव्हता. म्हणून पहिला नियम असा, की धरणाच्या भिंतीखाली, सांडव्यासमोर किंवा धरणाखालच्या नदीपात्रात शिबिर नाहीच. घटकाभर जेवणासाठीसुद्धा नाही.

आता तलावाच्या काठाविषयी. आपल्या भागातले बहुतेक तलाव हे माणसाने बांध घालून अडवलेले पाणी आहे. ते शेतीसाठी अडवलेले आहे, आपल्या तंबूंसाठी नव्हे. जून ते सप्टेंबर तलाव भरतो, आणि रब्बीच्या भाताला पाणी सोडू लागले की उतरत जातो. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत पाणी सहसा चढत नाही, ओसरते. म्हणजे धोका टळला असे मात्र नाही. काठावर उघडी पडलेली जमीन वरून वाळलेली, तडे गेलेली आणि छान सपाट दिसते. तिच्यावर पाय ठेवला की खालचा गाळ गुडघ्यापर्यंत ओढून घेतो. शिवाय काठ पाण्याखाली एकसारखा उतरत जाईल असाही भरवसा नसतो. चार पावले घोट्याएवढे पाणी आणि पाचव्या पावलाला जुन्या ओढ्याचे बुडालेले पात्र, असे घडते. चांगली पोहणारी मुलेही येथेच फसतात.

पाणी कुठवर येते हे ओळखणे फारसे कठीण नाही. काठावरच्या खडकांवर भरल्या पाण्याची फिकट रेघ दिसते. त्याच रेषेत वाळक्या काटक्या, शिंपले आणि प्लॅस्टिकच्या बाटल्या अडकलेल्या असतात. झुडपांना चिकटून वाळलेले शेवाळ लोंबत असेल तर पाणी तिथवर चढले होते असे खुशाल समजावे. त्या रेघेच्या वर दोन पुरुष उंचीवर आणि पाण्यापासून शंभर पावले मागे तंबू लावावा. मागे सरण्याची इतरही कारणे आहेत. पहाटे पाण्यालगतची गार हवा खोलगट जागी साचते आणि तंबू आतून ओलेचिंब होतात. डास काठावर अधिक असतात. जनावरे रात्री पाण्यावर येतात, आणि ती नेहमीच्या वाटेनेच येतात. काठावर खुरांचे ठसे दाट असतील तर ती जागा सोडून द्यावी.

नाल्याच्या तोंडाशी तर कधीही राहू नये. हे मी पुस्तकातून शिकलो नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका शिबिरात आम्ही हौसेने अशीच जागा निवडली होती. वाळू मऊ होती, सपाट होती, वारा लागत नव्हता. रात्री दोनच्या सुमारास दूर डोंगरात विजा चमकू लागल्या. आमच्या डोक्यावर चांदणे होते. अर्ध्या तासाने कोरड्या नाल्यातून आवाज येऊ लागला. मुलांना उठवून टेकाडावर नेईपर्यंत भांडी आणि दोन सतरंज्या वाहून गेल्या. कोणाला इजा झाली नाही हे दैव. त्या जागेची शिफारस ज्याने केली होती तो स्वतः तेथे कधीच राहिला नव्हता, हे आम्हाला नंतर कळले.

ही पारख हाताशी धरून आपल्यासमोर कोणत्या जागा आहेत ते पाहू. सर्वांत जवळची म्हणजे अनंतगिरी आणि तिच्या पलीकडचा कोटपल्ली जलाशय. हे शंभरेक किलोमीटर अंतर सकाळी निघून दुपारच्या आत गाठता येते. झाडी आहे, पाणी शांत आहे, नाव वल्हवण्याची सोय आहे. पहिल्याच मुक्कामी शिबिरासाठी आणि लहान मुलांसाठी मला ही जागा योग्य वाटते. उणीव एवढीच, की शनिवार-रविवारी अर्धे हैदराबाद तेथे लोटते आणि रात्री गाण्यांचा गोंगाट असतो. आठवड्याच्या मधल्या दिवशी जावे.

मुलांचा कल लक्नवरमकडे आहे आणि त्यात नवल नाही. मुलुगू जिल्ह्यात गोविंदरावपेटजवळ काकतीय राजांच्या काळात, तेराव्या शतकात बांधलेला हा तलाव तिन्ही बाजूंनी वनाच्छादित टेकड्यांनी वेढलेला आहे. त्यात बेटे आहेत, बेटांवर जाण्यासाठी झुलता पूल आहे. हैदराबादहून वरंगलमार्गे सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास अंतर. वाटेत रामप्पाचे देऊळ पाहता येते, ज्याला 2021 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. या तलावांच्या बांधणीविषयी एक गोष्ट मुलांना आवर्जून दाखवावी. काकतीयांनी दोन टेकड्यांमधली अरुंद खिंड शोधून तेवढ्याच ठिकाणी बांध घातला, आणि थोड्या भिंतीत मोठे पाणी अडवले. नरसंपेटजवळचा पाखाल तलाव गणपतिदेवाच्या काळातला, 1213 च्या सुमाराचा. तोही याच पद्धतीचा. आठशे वर्षे ही तळी भात पिकवत आली आहेत.

लक्नवरमला बेटावरचा मुक्काम मोठ्यांना मोहात पाडतो. मुलांसाठी मी त्याच्या विरुद्ध आहे. रात्री एखादे मूल आजारी पडले तर आधी पाणी ओलांडायचे, मग वाहन शोधायचे, मग दवाखाना. काठावरची, गाडी थेट पोहोचेल अशी जागा घ्यावी. तंबू मोठ्या झाडाखाली लावण्याचा मोहही टाळावा. याच भागात ताडवाई-मेडारमच्या जंगलात 31 ऑगस्ट 2024 रोजी वादळी वाऱ्याने काही तासांत हजारो झाडे मुळापासून उपटून टाकली. असे वादळ रोज येत नाही, परंतु वाळलेली फांदी पडायला वादळ लागत नाही. तंबू लावण्याआधी वर पाहावे. वर पाहताना मोहोळही दिसेल. आग्या मोहोळ जवळ असेल तर शेकोटी, अत्तर आणि दगडफेक या तिन्ही गोष्टी वर्ज्य, आणि जागाही बदलावी.

आणखी एक. मेडारमची सम्मक्का-सारलम्मा जत्रा दर दोन वर्षांनी माघात याच परिसरात भरते. 2024 आणि 2026 ही जत्रेची वर्षे होती. लाखो भाविक येतात, रस्ते भरून जातात. जत्रा पाहायची असेल तर तिची वेगळी आखणी करावी, शिबिराला जोडून नव्हे.

पाखालचा तलाव अभयारण्यात आहे. अभयारण्यात आपल्या मर्जीने कोठेही तंबू ठोकता येत नाही. वन विभागाची परवानगी लागते, आणि ते जी जागा देतील तीच घ्यावी लागते. मुलांना हा जाच वाटतो. पण मंजीऱ्याचे पाणी आपण वर्षानुवर्षे प्यायलो, आणि त्याच मंजीऱ्याच्या अभयारण्यात मगरी आहेत, हे किती जणांना ठाऊक असते? कोणत्या काठावर काय आहे ते तेथल्या वनरक्षकाला आणि मासे धरणाऱ्यांना माहीत असते. त्यांना विचारण्यात कमीपणा नाही.

काही पालकांनी महाराष्ट्रातल्या भंडारदऱ्याचे नाव सुचवले आहे. देवगिरी एक्स्प्रेसने नाशिक रोडला उतरून पुढे घोटीमार्गे जाता येते. प्रवरेवरचे विल्सन धरण 1926 मध्ये पूर्ण झाले. समोर रतनगड, पलीकडे 1646 मीटर उंचीचे कळसूबाई. काठाने गावकऱ्यांचे तंबू असतात आणि चुलीवरची भाकरी मिळते. मुलांना आपल्या भाषेच्या मुलखात चार दिवस राहायला मिळेल, हा मोठाच लाभ. मात्र पावसाळ्यात घाटमाथ्यावर प्रचंड पाऊस कोसळतो. त्या दिवसांत तंबूचा विचारही नको. जवळच घाटघरला पाणी खाली सोडून वीज करण्याची आणि तेच पाणी पुन्हा वर चढवण्याची 250 मेगावॅटची योजना आहे. अशा तलावांत पातळी ऋतूनुसार नव्हे, दिवसागणिक वरखाली होते. म्हणून ‘भंडारदरा परिसर’ एवढ्या पत्त्यावर आगाऊ पैसे भरू नयेत. कोणता काठ, कोणत्या जलाशयाचा, हे नीट विचारून घ्यावे. यंदा दोन रात्री प्रवासातच जातील, म्हणून माझे मत लक्नवरमला आहे. भंडारदरा पुढे मोठ्या सुट्टीत करू.

जागा कोणतीही ठरो, दोन शिक्षकांनी आधी जाऊन एक रात्र तेथे राहून यावे. फोनवर सर्व काही ‘एकदम बढिया’ असते. जवळचा दवाखाना किती मिनिटांवर आहे, आणि सर्पदंशावरचे औषध तेथे आहे की आणखी पुढे जावे लागते, हे प्रत्यक्ष विचारून यावे. नाग, घोणस, फुरसे आणि मण्यार या चौघांच्या विषावर एकच लस चालते, पण ती वेळेत मिळाली पाहिजे. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो, पुष्कळदा फारसे दुखतही नाही. त्यासाठी तंबूचा तळ शिवलेला हवा आणि चेन पूर्ण लागणारी हवी. फाटका तंबू स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. मुलुगूकडे हिवतापाचीही भीती असते, तेव्हा मच्छरदाणी आणि पूर्ण बाह्यांचे कपडे सक्तीचे.

मुलींच्या दृष्टीने शौचालये किती, तेथे दिवा आहे का आणि तंबूपासून वाट उजेडाची आहे का, हे शिक्षिकांनी पाहावे. आमच्यासारख्या पुरुषांच्या नजरेतून हे सुटते. शौचालयाचे पाणी तलावाकडे वाहत असेल तर ती जागा नाकारावी, कारण स्वयंपाकाचे पाणी बहुधा त्याच तलावातून आलेले असते. तंबूत शेगडी किंवा निखारे नेण्यास सक्त मनाई राहील. निखाऱ्यांच्या वायूला वास नसतो आणि बंद तंबूत झोपलेला माणूस उठत नाही.

पोहणे कार्यक्रमात नाही. नावेत बसताना प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जाकीट असेल, शिक्षकांच्याही. संमतीपत्रात ‘पाल्याला पोहता येते का?’ असा एक रकाना आहे. गेल्या खेपेस निम्म्या पालकांनी तेथे ‘थोडे थोडे’ असे लिहिले होते. तलावात थोडे थोडे पोहता येत नाही. कृपया ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच लिहावे, आणि शंका असेल तर ‘नाही’ लिहावे.